‘क्लॅन’चे कूळ, ‘क्लॅन’चे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शब्दांना मात्र हा नियम लागू नाही. त्यांचे कूळही शोधावे लागते आणि मूळही. कारण माणसे जे विसरतात, ते शब्द पुष्कळदा जपून ठेवतात. ‘क्लॅन’ हा असाच एक शब्द आहे. इंग्रजीतून तो जगभर गेला. समाजशास्त्राच्या पुस्तकांत तो आहे, वंशावळीच्या हौशी अभ्यासात आहे, राजकीय घराण्यांवरील लेखांत आहे आणि गुन्हेगारी टोळ्यांच्या बातम्यांतही आहे. टोळी, जमात, घराणे, कुळी असे त्याचे नाना अर्थ कोशांत सापडतात. परंतु ज्या गेलिक भाषांतून तो इंग्रजीत आला, तेथे त्याचा पहिला अर्थ यांपैकी एकही नाही. तेथे त्याचा अर्थ आहे ‘मुलेबाळे’.

या शब्दाचे मूळ एका लॅटिन शब्दात, ‘प्लांटा’त आहे. रोप, कोंब किंवा लावण्यासाठी तोडलेली फांदी असा त्याचा अर्थ. त्याच ‘प्लांटा’पासून इंग्रजीतला ‘प्लांट’ आणि पुढे ‘प्लांटेशन’ हे शब्द आले. म्हणजे ‘क्लॅन’ आणि ‘प्लांटेशन’ ही एकाच रोपाची दोन झाडे. सतराव्या शतकाच्या प्रारंभी ही दोन झाडे आयर्लंडच्या भूमीवर समोरासमोर आली आणि एकाने दुसऱ्याची जागा घेतली. गेलिक समाजाच्या इतिहासातला फार मोठा भाग या दोन शब्दांच्या मधल्या जागेत घडला आहे.

तीन भाषा, एक शब्द

गेलिक हा केल्टिक भाषाकुलातील एक गट. त्यात तीन भाषा येतात : आयर्लंडमधील आयरिश, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ हायलँड्समधील व पश्चिमेकडील बेटांवरील स्कॉटिश गेलिक, आणि आइल ऑफ मॅन या बेटावरील मँक्स. मँक्सचे अखेरचे मातृभाषक मानले गेलेले नेड मॅड्रेल १९७४ मध्ये निवर्तले. पुढे प्रयत्नपूर्वक ती भाषा पुन्हा शिकवली जाऊ लागली. आयरिश व स्कॉटिश गेलिकमध्ये ‘क्लान’ आणि मँक्समध्ये ‘क्लोन’ या रूपाने हा शब्द तिन्ही भाषांत आहे. तिन्हींत त्याचा अर्थ अपत्ये असाच होतो. स्कॉटिश गेलिकमध्ये त्याचा उच्चार ‘क्लाउन’च्या जवळ जातो.

लॅटिनमधला ‘प’ गेलिकमध्ये ‘क’ कसा झाला, याचे उत्तर भाषेच्या फार जुन्या इतिहासात आहे. इंडो-युरोपीय मूळ भाषेतला ‘प’ हा ध्वनी केल्टिक भाषांनी प्राचीन काळीच गमावला. संस्कृतातील ‘पितृ’ आणि लॅटिनमधील ‘पातेर’ यांचा जुन्या आयरिशमधील भाऊबंद ‘अथिर’ असा आहे. आरंभीचा ‘प’ गळून गेला आहे. संस्कृतातील ‘पूर्ण’ आणि आयरिशमधील ‘लान’ हेही एकाच मुळाचे. त्या ‘लान’चा अर्थ पूर्ण किंवा भरलेला असाच आहे.

पुढे वेल्श आणि तिच्या भगिनीभाषांत दुसऱ्या एका ध्वनीपासून नवा ‘प’ तयार झाला. गेलिक शाखेत मात्र त्या जागी ‘क’ राहिला. म्हणून डोक्याला वेल्शमध्ये ‘पेन’ म्हणतात, तर आयरिशमध्ये ‘क्यान’. चार या संख्येला वेल्शमध्ये ‘पेद्वार’, तर आयरिशमध्ये ‘क’ने सुरू होणारा ‘क्याहिर’. आपला ‘चत्वारः’ याच नात्यातला. अशा रीतीने आयरिश कानाला एक हिशेब ठाऊक झाला होता : शेजारी ‘प’ म्हणतात, तेथे आपण ‘क’ म्हणायचे.

पाचव्या शतकाच्या सुमारास ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द आयर्लंडमध्ये येऊ लागले, तेव्हा हाच हिशेब त्यांना लागू झाला. ईस्टरचा लॅटिन शब्द ‘पास्का’. त्याचे आयरिशमध्ये ‘काश्क’ झाले. जांभळ्या रंगाचा ‘पुर्पुरा’ हा ‘कोर्कुर’ झाला आणि पिसाचा ‘प्लूमा’ हा ‘क्लूम’. खुद्द संत पॅट्रिक यांचे ‘पात्रिकिउस’ हे नाव काही जुन्या ग्रंथांत ‘कोथ्रिगे’ असे आढळते. ‘प्लूमा’चा ‘क्लूम’ झाला, तसाच ‘प्लांटा’चा ‘क्लांद’ झाला. अखेरचा ‘न्द’ कालांतराने ‘न्न’मध्ये मिसळला आणि ‘क्लांद’चा ‘क्लान’ झाला. हा शब्द थेट लॅटिनमधून न येता वेल्शच्या पूर्वज भाषेमार्फत आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याला सबळ कारण आहे. वेल्शमध्ये आजही मुलांना ‘प्लांत’ म्हणतात. रोपाचे लेकरू होण्याचा अर्थबदल तेथेही झालेला आहे.

मराठी वाचकाला हा अर्थबदल परका वाटणार नाही. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे मुळात बांबू. एका पेऱ्यातून पुढचे पेरे निघते, तशी एका पिढीतून पुढची पिढी. आपणही वंशवेल वाढली असे म्हणतो आणि घराण्याचा वंशवृक्ष काढतो. गेलिकमध्येही घराण्यासाठी ‘शील’ असा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ बीज. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरील मॅकलाउड घराण्याला ‘शील तोर्किल’, म्हणजे तोर्किलचे बीज, असे म्हणत.

मुलांचे घराणे कसे झाले?

जुन्या आयरिश साहित्यात ‘क्लान’ हा शब्द अपत्य या अर्थाने सर्रास येतो. सावत्र आईच्या शापाने नऊशे वर्षे हंस होऊन राहिलेल्या चार भावंडांची कथा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध आहे. त्या भावंडांना ‘क्लान लिर’ म्हणतात, म्हणजे लिरची मुले. आजच्या आयरिशमध्येही स्त्री गरोदर असल्याचे सांगताना ती ‘क्लान वाहत आहे’ असा वाक्प्रयोग होतो.

मुले या अर्थावरून वंशज या अर्थावर येणे अवघड नव्हते. एखाद्या पुरुषाच्या मुलांना जे नाव, तेच त्याच्या नातवंडांना व पणतवंडांना लागू होऊ लागले. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील डीर येथील मठाच्या एका जुन्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखितात बाराव्या शतकात गेलिकमध्ये काही नोंदी लिहिल्या गेल्या. हे हस्तलिखित आता केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मठाला मिळालेल्या जमिनींच्या या नोंदींत ‘तोशेख क्लान्ये’, म्हणजे क्लानचा म्होरक्या, असा उल्लेख येतो. म्हणजे तोवर ‘क्लान’ ही नायक असलेली आणि जमिनीशी जोडलेली सामाजिक संस्था झाली होती. यातला ‘तोशेख’ हा शब्दही वाया गेला नाही. १९३७ च्या राज्यघटनेने आयर्लंडच्या पंतप्रधानाला ‘टीशॉख’ हे पदनाम दिले, ते याच शब्दाचे आधुनिक रूप. वडिलांकडून मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते सांगणारे लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात ज्या पदावर होते, ते हेच.

घराण्याचे नाव एखाद्या पूर्वजावरून पडे. बाराव्या शतकात पश्चिम स्कॉटलंडच्या बेटांवर सत्ता गाजवणारा सोमर्लेड ११६४ मध्ये मारला गेला. त्याचा नातू डोनल्ड. त्याचे वंशज ते ‘क्लान डोनल्ड’, म्हणजेच मॅकडोनल्ड. आडनावातील ‘मॅक’चा अर्थ मुलगा आणि आयरिश आडनावांतील ‘ओ’चा अर्थ नातू.

मात्र क्लानमधला प्रत्येक माणूस त्या मूळ पुरुषाच्या रक्ताचा असे, ही समजूत खरी नाही. आश्रयाला आलेली कुटुंबे, जिंकलेल्या प्रदेशातील शेतकरी, पिढीजात कवी, वैद्य आणि वादक हे सारे क्लानमध्ये सामावले जात. अनेक जण पुढे नायकाचेच आडनाव लावू लागत. आयर्लंडमध्ये तर परकेही या शब्दाच्या छत्राखाली आले. बाराव्या शतकापासून आलेल्या नॉर्मन सरदारांपैकी द बर्ग घराण्याची गॉलवेकडील शाखा कालांतराने इतकी गेलिक झाली, की तिला रिचर्डची मुले या अर्थाने ‘क्लानरिकार्ड’ असे नाव पडले. रक्ताचे नाते नसले तरी नात्याची भाषा होती. आणि त्या भाषेला कर्तव्याचे वजन होते.

हे वजन समजल्यावाचून पुढचा इतिहास कळत नाही. नायकाचे मूल लहानपणी क्लानमधील दुसऱ्या कुटुंबात वाढवण्यासाठी देण्याची रीत होती, आणि त्यातून जुळलेले दूधभावाचे नाते सख्ख्या नात्याइतके मानले जाई. क्लानने लढाईत नायकामागे उभे राहायचे. नायकाने क्लानला जमीन, न्याय आणि संरक्षण द्यायचे. या व्यवस्थेत विषमता होती, आपसांतले रक्तरंजित तंटेही होते. तिला रामराज्य समजण्याचे कारण नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन आपण कसली, तीवर राहण्याचा आपला हक्क आहे, अशी लोकांची पक्की धारणा होती. या वारसाहक्काला स्कॉटिश गेलिकमध्ये ‘दूहखस’ म्हणतात. कागदोपत्री मालकीला वेगळा शब्द होता. एकाच जमिनीवर दोन हक्क नांदत होते : एक लोकांच्या मनात, दुसरा सनदेवर.

अल्स्टर : ‘प्लांटेशन’शी गाठ

आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर हा गेलिक सत्तेचा अखेरचा बालेकिल्ला. नऊ वर्षांच्या युद्धानंतर १६०३ मध्ये तेथील सरदारांना शरण जावे लागले. सप्टेंबर १६०७ मध्ये ओ’नील आणि ओ’डॉनल ही दोन मोठी घराणी रॅथमलन येथून जहाजाने युरोपला निघून गेली. त्यानंतर राजा पहिला जेम्स याच्या सरकारने सहा परगण्यांतील जमिनी जप्त केल्या आणि १६०९ पासून तेथे इंग्लंडमधील व स्कॉटलंडच्या सखल भागातील प्रॉटेस्टंट लोक वसवण्याची योजना राबवली. हजार, दीड हजार आणि दोन हजार एकरांचे गट पाडून ते मक्तेदारांना देण्यात आले. त्यांनी आपापल्या गटांवरून मूळ आयरिश रहिवाशांना हटवून तेथे नवी कुळे आणायची, अशी अट होती. प्रत्यक्षात मजूर व खंडकरी म्हणून आयरिश लोकांची गरज भासत राहिली आणि ही अट सर्वत्र पाळली गेली नाही. जमिनीची मालकी मात्र गेली ती गेलीच.

या योजनेचे नाव होते ‘प्लांटेशन’. मळा हा त्या शब्दाचा अर्थ पुढे रूढ झाला. त्या काळच्या इंग्रजीत तो माणसांची लागवड, म्हणजे वसाहत, या अर्थाने चाले. फ्रान्सिस बेकन यांचा वसाहतींवरील १६२५ चा निबंध ‘प्लांटेशन्स’ याच नावाचा आहे. जुने झाड उपटावे आणि नवे रोप लावावे, ही कल्पना त्या शब्दातच होती. ज्यांना उपटायचे होते, त्यांच्या ‘क्लान’ या नावातही तेच रोप दडलेले आहे, हे मात्र बहुधा कोणाच्याच ध्यानात आले नसावे.

आयरिश भाषेने पुढे हा दुसरा शब्दही आपलासा केला. आज आयरिशमध्ये वनस्पतीला ‘प्लांदा’ आणि वसाहतीच्या त्या योजनेला ‘प्लांदाल’ म्हणतात. एकच लॅटिन शब्द आयरिशमध्ये दोनदा आला. पहिल्यांदा ‘प’चा ‘क’ होऊन घरचा झाला आणि लेकरांचा वाचक बनला. दुसऱ्यांदा तो ‘प’सकट आला आणि जमीन गेल्याची आठवण होऊन राहिला. १९२१ ची आयर्लंडची फाळणी आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांतील उत्तर आयर्लंडमधील हिंसाचार यांची मुळे इतिहासकार या ‘प्लांटेशन’पर्यंत नेतात.

स्कॉटलंड : नायकाचा जमीनदार झाला

स्कॉटलंडमध्ये परक्या लोकांची अशी लागवड झाली नाही. तेथे क्लान आतून पोखरला गेला, आणि त्याचा आरंभही १६०९ मधलाच. त्या वर्षी आयोना बेटावर पश्चिमेकडील घराण्यांच्या नायकांकडून काही कलमे मान्य करून घेण्यात आली. ज्याच्याकडे साठ गुरे असतील, त्याने आपला थोरला मुलगा सखल प्रदेशात शिकायला पाठवून त्याला इंग्रजी बोलता, वाचता व लिहिता येईल असे करावे, हे त्यांतले एक. पिढी-दोन पिढ्यांत नायकांची मुले एडिंबरोत आणि लंडनमध्ये रुळली. तेथे राहायचे तर रोख पैसा हवा, आणि रोख पैसा हवा तर जमिनीतून खंड हवा.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत स्ट्युअर्ट घराण्याच्या बाजूने लढलेल्या हायलँडर्सचा पराभव झाला. पाठोपाठ झालेल्या कायद्यांनी नायकांचे पिढीजात न्यायाधिकार काढून घेतले आणि हायलँडच्या पोशाखावरही बंदी आली. ती १७८२ मध्ये उठली. आता नायकाला लढवय्यांची गरज उरली नव्हती. माणसांपेक्षा मेंढ्या अधिक किफायतशीर ठरू लागल्या. १७९२ हे वर्ष रॉसशायरमध्ये मेंढ्यांचे वर्ष म्हणून लक्षात राहिले. संतापलेल्या लोकांनी त्या वर्षी मेंढ्यांचे कळप हाकून लावण्याचा प्रयत्न केला आणि सैन्य आणून तो मोडून काढण्यात आला. १८१४ मध्ये आणि पुन्हा १८१९ मध्ये सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून कुटुंबेच्या कुटुंबे हुसकण्यात आली. तेथील कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर तरी जायचे किंवा कॅनडाची वाट धरायची, एवढेच बहुतेकांच्या हाती उरले.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. मेंढ्यांचे ते वर्ष सरताच, १७९३ मध्ये, मॅकेंझी घराण्याच्या प्रमुखाने रॉसशायरमध्ये ७८ वी हायलँडर्स पलटण उभी केली. हीच पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर वेलस्लीच्या हाताखाली शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली. ज्या मुलखात मेंढ्यांसाठी माणसे हटवली जात होती, त्याच मुलखातील माणसे साम्राज्यासाठी दुसऱ्यांचा मुलूख जिंकत होती.

स्कॉटलंडमधील या निष्कासनांना इंग्रजीत ‘क्लिअरन्सेस’ म्हणतात. जगात जमिनीवरून लोक इतरत्रही हटवले गेले. पण येथे हटवणारा पुष्कळदा त्या क्लानचाच प्रमुख होता, आणि हटवले जाणारे शब्दशः त्याची ‘मुले’ म्हणवत होते. जे कायद्याच्या दृष्टीने खंडकऱ्याला दिलेली नोटीस होती, ते लोकांच्या दृष्टीने बापाने लेकरांना घराबाहेर काढणे होते. त्या काळच्या गेलिक कवितेत दुःखाइतकाच विश्वासघाताचा सल दिसतो, तो यामुळेच.

हा पेच ज्या एका शब्दात सहज दाखवता येईल, तो मराठीत आहे. ‘कूळ’ म्हणजे घराणे आणि ‘कूळ’ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा खंडकरी. आपल्याकडे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि कूळ कायदा म्हटले की दुसरा अर्थ आपोआप पुढे येतो. हायलँड्समध्ये पहिल्या अर्थाचे कूळ शंभर-दीडशे वर्षांत दुसऱ्या अर्थाचे झाले. आणि कुळांना संरक्षण देणारा कायदा तेथेही यावा लागला. १८८३ मध्ये नेमलेल्या नेपियर आयोगानंतर १८८६ च्या कायद्याने हायलँड्समधील लहान शेतकऱ्यांना जमिनीवरून मनमानीपणे हटवण्यास बंदी केली.

शब्द राहिला, अर्थ बदलला

ज्या काळात क्लान जमिनीवरून पुसला जात होता, त्याच काळात त्याची प्रतिमा मात्र उजळत होती. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताचा थाट सजवला आणि खुद्द राजा हायलँडच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखात मिरवला. प्रत्येक घराण्याचे वेगळे टार्टन कापड असते ही समजूत मुख्यतः याच काळात रुजली. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेला, घराण्यांच्या प्राचीन टार्टन नमुन्यांचा म्हणून गाजलेला एक ग्रंथ पुढे बनावट ठरला. स्ट्रॅथनेव्हर रिकामे होऊन तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती.

इंग्रजीत शिरलेल्या या शब्दाने पुढे स्वतंत्र प्रवास केला. मानववंशशास्त्रज्ञांनी समान पूर्वज मानणाऱ्या गटासाठी तो पारिभाषिक संज्ञा म्हणून स्वीकारला. आपल्याकडच्या कुळी आणि देवकांविषयी इंग्रजीत लिहिताना तो त्याच अर्थाने वापरला जातो. न्यूयॉर्कमध्ये १८६७ साली स्थापन झालेल्या आयरिश स्वातंत्र्यवाद्यांच्या संघटनेने ‘क्लान ना गेल’, म्हणजे गेल लोकांची मुले, असे नाव घेतले. त्याच दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांवर अत्याचार करणारी ‘कू क्लक्स क्लॅन’ उभी राहिली. तिच्या नावातील शेवटचा शब्द तोच, फक्त आद्याक्षर बदललेले. लेकरांसाठी असलेल्या शब्दाच्या वाट्याला हेही आले.

ज्या भाषांनी हा शब्द घडवला, त्या स्वतः आज अल्पसंख्य आहेत. स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे ७० हजार लोकांनी आपल्याला गेलिक बोलता येत असल्याचे सांगितले. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून या भाषेला अधिकृत दर्जा दिला. जमिनीच्या बाबतीतही काही गोष्टी बदलल्या आहेत. १९९७ मध्ये एग या लहानशा बेटावरील रहिवाशांनी देणग्या जमवून, भागीदारांच्या साह्याने आपले बेट जमीनमालकाकडून विकत घेतले. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडच्या ग्रामीण समूहांना असा खरेदीचा हक्क दिला. ‘दूहखस’ हा जुना शब्द या चळवळीत पुन्हा ऐकू येऊ लागला.

‘क्लान’ या शब्दाला मात्र परतून येण्याची गरज पडली नाही, कारण तो घरातून गेलाच नव्हता. टार्टनची दुकाने, वंशावळीची संकेतस्थळे आणि गुन्हेगारीच्या बातम्या यांत इंग्रजी ‘क्लॅन’ वावरत असला, तरी गॉलवेच्या किंवा लुइस बेटाच्या एखाद्या घरी गेलिकमध्ये ‘तुम्हाला क्लान आहे का?’ असे विचारले, तर उत्तरात कोणी आपले घराणे सांगत नाही. मुले किती आणि त्यांची नावे काय, ते सांगतात.